‘नक्को’ म्हणणारं शहर

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. असं कोणतं शहर आहे, जिथे ‘परवा’ हा दिवस तीन दिवसांपूर्वीही असतो, तीन महिन्यांपूर्वीही असतो आणि तीस वर्षांपूर्वीही असतो? जिथल्या चहात म्हणे चमचा उभा राहतो? आणि जिथे मराठीचा गंधही नसलेली माणसं दिवसभरात कितीदा तरी एक अस्सल मराठी शब्द वापरतात, तोसुद्धा आपल्यापेक्षा जरा जास्त जोर देऊन?

नाही सापडलं? आणखी एक खूण देतो. तिथे चार मिनार आहेत.

आता मात्र सगळे एकदम ओरडलात! हो, हैदराबाद. आपला शेजारी तेलंगण, त्याची ही राजधानी. नकाशा काढलात तर नांदेडपासून फार लांब नाही. पण आज आपण हैदराबादची बिर्याणी खायला निघालेलो नाही, मोती घ्यायलाही नाही. (बिर्याणीचं नाव काढल्याबद्दल माफी. जेवून वाचायला बसा.) आज ऐकायची आहे ती हैदराबादची बोली. किल्ले आणि राजवाडे हा जसा वारसा असतो, तसाच बोलण्याचाही असतो. त्याला तिकीट लागत नाही. नुसते कान उघडे ठेवले की झालं.

चला, बांगड्या बघू

चारमिनारला लागूनच लाड बाजार आहे. दोन्ही बाजूंना बांगड्यांची दुकानं. लाखेच्या बांगड्या, त्यांवर चमचमणारे खडे. कोणत्याही संध्याकाळी उभे राहा, असं काहीतरी कानावर पडेलच:

“आओ आपा, ये चूडियां देखो! एकदम नए आए.”

“नक्को भई. परसोंइच लेको गई मैं.”

“अजी, देखको तो जाव! देखने के पैसे नक्को.”

आता सांगा, हिंदी आहे का ही? आहेही आणि नाहीही. या बोलीचं नाव दख्खनी. म्हणजे दख्खनची, आपल्या दक्षिणेची. आणि या तीन वाक्यांत आपले किती पाहुणे बसलेत बघा.

पहिला ‘नक्को’. हा आपला ‘नको’च. हैदराबादेत गेला आणि ‘क’ला जोर आला. दुसरा ‘परसोंइच’मधला ‘च’. हिंदीत ‘परसों ही’ म्हणतात. पण आपण कसं ‘परवाच’, ‘इथेच’, ‘असंच’ म्हणतो? हैदराबादकर म्हणतात, ‘इधरीच’, ‘ऐसाइच’, ‘येइच’. हा शेपटीला लावलेला ‘च’ मराठीतून गेला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. एवढंसं अक्षर, पण केवढा लांबचा प्रवास!

आता ‘लेको’ आणि ‘देखको’. ‘लेको गई’ म्हणजे ‘घेऊन गेले’. ‘देखको जाव’ म्हणजे ‘बघून जा’. तसंच ‘खाको’, ‘पीको’, ‘जाको’. आणि अनेकवचन? फार सोपं. शब्दाला ‘आं’ लावा, काम झालं. एक बात, दोन बातां. एक लोग, पुष्कळ लोगां. एक किताब, दप्तरभर किताबां! परीक्षेत अनेकवचनं चुकणाऱ्यांनी सरळ हैदराबाद गाठावं.

अजून ऐका. हैदराबादेत ‘का’ला म्हणतात ‘काइकू’, ‘हो’ला म्हणतात ‘हौ’. सावकाश चालायचं तर ‘हल्लू’ चाला. ऐकलात ना आपला ‘हळू’? मुलगा म्हणजे ‘पोट्टा’, मुलगी म्हणजे ‘पोट्टी’. हे वाचून आमचे नागपूर-अकोल्याचे वाचक गालात हसले असणार, कारण त्यांच्या घरी पोट्टे असतातच!

आणि सगळ्यात गमतीचा शब्द ‘बोलके’. “तुम आरे बोलके मैं रुका.” याचं मराठी काय? “तुम्ही येताय म्हणून मी थांबलो.” आपला ‘म्हणून’ हा ‘म्हणणे’पासून झाला. तेलुगू आणि कन्नड भाषांतही ‘म्हणून’चं काम ‘म्हणणे’ या अर्थाचाच शब्द करतो. दख्खनीनं ‘बोलना’ हा शब्द उत्तरेचा घेतला, पण तो वापरायची रीत इथल्या शेजाऱ्यांची उचलली. म्हणजे कापड एकाचं आणि शिलाई दुसऱ्याची!

ही खिचडी शिजली कशी?

गोष्ट आहे १३२७ सालची. दिल्लीच्या महंमद बिन तुघलकाच्या मनात आलं, की राजधानी देवगिरीला न्यावी. देवगिरी म्हणजे दौलताबाद, आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळचं. हुकूम निघाला. सरदार, शिपाई, कारागीर, फकीर, त्यांची बायकामुलं अशी कितीतरी माणसं दिल्लीकडून दख्खनला आली. पुढे सुलतानाचं मन बदललं आणि राजधानी परत गेली. पण सगळी माणसं काही परत गेली नाहीत. इथेच राहिली.

ती येताना आपली बोली घेऊन आली होती. आता इथे बाजारात भाजी घ्यायची तर भाजीवाली बोलते मराठी. पलीकडच्या गावात कन्नड. आणखी पुढे तेलुगू. मग काय होणार? मुलं गल्लीत एकत्र खेळली की शब्दांची अदलाबदल होतेच. तुमच्या कॉलनीत नाही का होत? इथेही तेच झालं. फक्त हा खेळ दोन-तीनशे वर्षं चालला!

१३४७ मध्ये बहामनी राज्य सुरू झालं. ते फुटून पुढे विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा अशी राज्यं झाली. गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशहा यानं हैदराबाद वसवलं आणि १५९१ मध्ये चारमिनार उभा केला. हा राजा स्वतः कवी होता, बरं का! दरबारात मान होता फारसीला. पण यानं ढीगभर कविता लिहिल्या त्या या दख्खनी बोलीत. वसंतावर लिहिल्या, पहिल्या पावसावर लिहिल्या, सणांवर लिहिल्या. राजानं बाजारातली भाषा सिंहासनावर बसवली म्हणा ना!

त्याच काळात आपल्याकडे पैठणला संत एकनाथ होते. ते १५९९ मध्ये गेले, म्हणजे चारमिनार झाल्यावर आठ वर्षांनी. त्यांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचं एक गमतीदार भारूड रचलं आहे. त्यात दोघं कडाकडा भांडतात. एक बोलतो मराठी, दुसरा बोलतो ही दख्खनकडची हिंदुस्थानी. शेवटी दोघांचा समेट होतो. आता विचार करा, ऐकणाऱ्यांना दोन्ही भाषा कळत असल्याशिवाय असं भारूड रंगेल का? चारशे वर्षांपूर्वीचे आपले पणजोबांचे पणजोबा दोन भाषांत हसत होते!

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘भागानगर’ हे नाव वाचलं असेल. जुन्या मराठी कागदपत्रांत हैदराबादला हेच नाव आहे. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर निघाले, तेव्हा याच भागानगरात कुतुबशहाला भेटले होते. आणि अगदी अलीकडचं सांगायचं, तर १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. मराठवाड्यातल्या कितीतरी पणजोबांनी शाळेत गणित आणि भूगोल उर्दूतून शिकला. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथे वरचं शिक्षणही उर्दूतूनच होतं. म्हणूनच मराठवाड्यातलं एखादं आजोबांचं ‘हौ’ ऐकून हैदराबादचा माणूस क्षणभर थांबतो. आपल्याच गल्लीतलं कुणी बोललं, असं त्याला वाटतं.

परवा म्हणजे नेमकं केव्हा?

आता कोड्याचा पहिला भाग सोडवू. हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे कालच्या मागचा दिवस असेलच असं नाही. काल सोडून मागे गेलेला कोणताही दिवस म्हणजे ‘परसों’.

समजा, तुम्ही एका हैदराबादी काकांच्या घरी गेलात. अंगणात एक सायकल आहे. घंटीला गंज, सीट फाटलेली.

“काका, ही सायकल कधी घेतली?”

“ये? अभी परसोंइच लिया ना बाबा!”

“परवा? मग एवढी जुनी कशी?”

“जुनी काइकू? मैं मॅट्रिक पास हुआ, तब लिया.”

आणि काका तर आता नातवंडांना खेळवतायत! पण ते थापा मारत नाहीत हं. आवडीच्या आठवणीला ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणणं त्यांना रुचत नाही, एवढंच. परवाची म्हटली की ती ताजी राहते.

वेळेचं आणखी एक हैदराबादी माप आहे, ‘पाँच मिनट’. “पाँच मिनट में आरूं” असं फोनवर कुणी म्हणालं, की समजावं, साहेब अजून अंघोळीला जायचे आहेत. हा विनोद हैदराबादकर स्वतःच स्वतःवर करतात. त्यावर कुणी चिडलं की म्हणतात, “लाइट लो मियाँ!” म्हणजे, जाऊ दे रे, मनावर घेऊ नकोस.

गंमत बघा, अशा या निवांत शहरातल्या सर्वांत लाडक्या वस्तूंपैकी एक आहे घड्याळ! मुसा नदीच्या काठावर सालारजंग म्युझियम आहे. १९५१ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथलं एक घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीचं. तास भरायला थोडा वेळ उरला, की त्याच्यासमोरच्या बाकांवर गर्दी होते. आईच्या कडेवरची बाळं, गणवेशातली मुलं, काठी टेकत आलेले आजोबा, सगळ्यांच्या नजरा वर. एक इवलासा दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो, ठण् ठण् टोले देतो आणि परत आत. बारा वाजता तर त्याचं फारच कौतुक, कारण पुरे बारा टोले! दुसरा एक चिमुकला लोहार हातोडी मारून सेकंद मोजत असतो. त्याला बिचाऱ्याला सुट्टीच नाही. कुणालाही ‘पाँच मिनट’ थांबवणारे हैदराबादकर या एका बाहुल्यासाठी मात्र वेळेआधी येऊन बसतात.

घड्याळ बघून झालं की इराणी हॉटेलात चला. इराणातून आलेले लोक मुंबई-पुण्यात आले, त्यांतले काही पुढे हैदराबादला गेले. त्यांचा चहा करायची रीत निराळी. चहाचा अर्क एका भांड्यात मंद आचेवर, आटवलेलं दूध दुसऱ्या भांड्यात. दोघांची गाठ पडते ती थेट कपात. ज्याला खूप गोड लागतो, तो मागतो ‘खडे चम्मच की चाय’. साखर इतकी, की चमचा उभा राहावा! (घरी करून बघू नका. आई तुम्हालाच उभं करील.) आणि खिशात पैसे कमी असतील, तर मित्र-मित्र ‘वन बाय टू’ मागतात. एक चहा, दोन कप. सोबत किंचित खारट, किंचित गोड उस्मानिया बिस्किट.

डंडा, गिल्ली आणि ख्वामख्वाह

हसायची एवढी हौस असलेल्या शहरात विनोदी कवी नसतील तर नवल. दख्खनीत हास्यकवितेची मोठी परंपरा आहे. मुशायऱ्यात, म्हणजे कवींच्या मैफलीत, लोक रात्र-रात्र बसून खो खो हसतात. आणि या कवींनी घेतलेली टोपणनावं तर बघा! एक होते सरवर ‘डंडा’. एक ‘गिल्ली’ नलगोंडवी. गिल्ली म्हणजे आपल्या विटी-दांडूतली विटी. म्हणजे दांडूही झाला आणि विटीही झाली! एक ‘पागल’ आदिलाबादी. आणि एक गौस ‘ख्वामख्वाह’, म्हणजे ‘उगीचच’! आपल्याकडे कवी केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज अशी भारदस्त नावं घेतात. इथे कवी म्हणतो, मी आपला उगीचच.

१९६० च्या दशकात हैदराबादेत ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ नावाची विनोदी लेखकांची संस्था सुरू झाली. १९६८ मध्ये ‘शगूफा’ हे फक्त विनोदाला वाहिलेलं उर्दू मासिक निघालं. मुज्तबा हुसैन (१९३६–२०२०) हे हैदराबादच्या ‘सियासत’ या उर्दू वर्तमानपत्रात १९६२ पासून विनोदी सदर लिहू लागले आणि उर्दूतले नामवंत विनोदी लेखक झाले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण ही मंडळी नुसती गुदगुल्या करणारी नव्हती. जुन्या हैदराबाद राज्यातल्याच गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब (१९२२–१९७८) यांच्या कविता घ्या. त्यांत घरातल्या बायकांचं रोजचं बोलणं जसंच्या तसं येतं. सासू-सुनेची जुगलबंदी ऐकून लोक पोट धरून हसतात. आणि हसता हसता विषय हुंड्यावर येतो, गरिबीवर येतो, आणि तेच लोक एकदम गप्प होतात. जड शब्दांत सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. घरच्या बोलीत सांगितलं म्हणून थेट आत पोचलं.

हसणं आणि हिणवणं

आता जरा कान इकडे करा. ही गोष्ट तेवढी गोड नाही.

१७०० च्या सुमारास औरंगाबादचा कवी वली दिल्लीला गेला. तिथले कवी तेव्हा फारसीत लिहीत. आपल्या बोलीतही इतकं सुंदर लिहिता येतं, हे त्यांनी वलीकडून ऐकलं. पण पुढे दिल्ली-लखनौच्या भाषेचा डौल वाढला, आणि ज्या दख्खनीतून आधी कविता झाली, तीच गावंढळ ठरली. ‘नक्को’ म्हणणारा अडाणी, ‘नहीं चाहिए’ म्हणणारा शहाणा!

हिंदी सिनेमानं तेच केलं. १९६५ च्या ‘गुमनाम’ सिनेमात मेहमूदनं हैदराबादी ढंगात बोलणारा बटलर रंगवला. काम झकास केलं, सारा देश हसला. पण त्यानंतर पडद्यावर ही बोली बोलायची कुणी? बहुतेक वेळा नोकरानं नाहीतर विदूषकानं. नायक कसा ‘स्वच्छ’ भाषा बोलणार! तेलंगणातल्या तेलुगूचंही असंच झालं. तेलुगू सिनेमात ती बोली बरीच वर्षं विनोदी पात्रांच्या नाहीतर गुंडांच्या तोंडी असे. लोकांना ते लागायचं. तेलंगणचं वेगळं राज्य मागताना आमच्या बोलीची चेष्टा होते, हीसुद्धा एक तक्रार होती. २ जून २०१४ ला ते राज्य झालं. आज तिथे ९ सप्टेंबर हा ‘तेलंगण भाषा दिन’ असतो. तो कवी काळोजी नारायण राव (१९१४–२००२) यांचा जन्मदिवस. लोक बोलतात तीच भाषा लिहा, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. आणि ऐका, या तेलुगू कवीचे वडील होते मराठी आणि आई कन्नड!

दख्खनीचेही दिवस जरा पालटले. २००५ मध्ये ‘द अंग्रेज’ नावाचा सिनेमा आला. त्यात चारमिनारपाशी टवाळक्या करणारी पोरं अस्सल हैदराबादी बोलतात. हैदराबादकरांनी तो डोक्यावर घेतला. का? तर इथे विनोद करणारे ते स्वतःच होते. घरातलं माणूस घरातल्यांवर हसतं, तसं.

म्हणजे हसण्याचे दोन प्रकार झाले. काका आपल्या ‘परसों’वर हसतात, आपणही त्यांच्याबरोबर हसतो, आणि सगळ्यांना मजा येते. पण वर्गात एखादी नवी मुलगी येते, बोलता बोलता ‘पोट्टं’ म्हणते, किंवा मालवणीत, अहिराणीत काहीतरी बोलून जाते, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. ती लाल होते. दुसऱ्या दिवशी जपून बोलते. महिन्याभरानं बोलतच नाही. तिच्याबरोबर तिच्या आजीचे शंभर शब्द गप्प होतात. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर दिसतो, बातमी तरी येते. शब्द गेला तर आवाजही होत नाही.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन ओळी. मुलांना पुस्तकातली शुद्ध भाषा यायलाच हवी, त्यावर वाद नाही. परीक्षा त्या भाषेत आहे, अर्ज त्या भाषेत आहेत. पण त्यासाठी घरची बोली पुसून टाकायला नको. महंमद कुली कुतुबशहाला उत्तम फारसी येत होती. तरी पावसावर कविता लिहायची तर त्याला दख्खनीच जवळची वाटली.

आता तुमची पाळी

या सुट्टीत एक उद्योग करा. एक वही घ्या, जुन्या वहीची कोरी पानंही चालतील. आजी, आजोबा, दूधवाले काका, शेजारच्या मावशी यांच्याकडून तुमच्या पुस्तकात नसलेले वीस शब्द मिळवा. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा. अर्थ काय, कुणाकडून ऐकला, आणि त्यावर घरात घडलेला एक विनोद. तिसरा रकाना सोडू नका. शब्द विनोदासकट लिहिला की विसरत नाही.

कुणाच्या घरी हैदराबाद, नांदेड, परभणी, बीडकडचे पाहुणे आले, तर त्यांना मुद्दाम बोलतं करा. आणि वही कधी सुरू करणार, असं आईनं विचारलं तर ‘पाँच मिनट’ म्हणू नका.

काय म्हणता, नक्को? अहो, ‘हौ’ म्हणा, ‘हौ’!